मुलीला खंबीर करण्याआधी शाळेला काय विचारायचे?

आपण लिहिले आहे की आपली ११ वर्षांची मुलगी नव्या शाळेत गेल्यापासून वर्गातील काही मुले-मुली तिला रंगावरून ठेवलेल्या नावाने हाक मारतात, वर्गाचे छायाचित्र काढताना ‘दिवे लावा, नाहीतर ही दिसणार नाही’ असे म्हणून हसतात, आणि वार्षिक कार्यक्रमाच्या नृत्यात बाईंनी काही न सांगता तिला पुढच्या रांगेतून मागे नेऊन उभे केले. वर्गशिक्षिकांचे म्हणणे असे की मुले थट्टा करतातच, मनावर घेऊ नये. घरी धाकटा भाऊ उजळ असल्यामुळे नातेवाइकांच्या तुलना चालू असतात, आणि आता मुलगी गोरे होण्याचे क्रीम मागू लागली आहे. तिला खंबीर कसे करावे आणि शाळा बदलावी का, हे आपले दोन प्रश्न.

मी बरीच वर्षे शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते आणि अशा प्रसंगी पालक जवळजवळ नेहमी हाच पहिला प्रश्न विचारतात. तो मायेपोटी विचारलेला असतो, पण आहे तसा स्वीकारला तर सगळे काम ११ वर्षांच्या मुलीवर येऊन पडते: बोलणारे बोलत राहणार, हसणारे हसत राहणार आणि सहन करण्याची ताकद तिने वाढवायची. कोणी रोज आपल्या पायावर पाय देत असेल तर आपण जाड बूट शोधायला निघत नाही, आधी त्या माणसाला बाजूला करतो. मुलीचा आत्मविश्वास महत्त्वाचा आहेच आणि त्याकडे मी पुढे येईन, पण आपल्यासमोरचा खरा प्रश्न असा आहे की तिच्याशी जे वागले जात आहे ते थांबवण्याची जबाबदारी कोणाची, आणि ती जबाबदारी त्या मोठ्या माणसांकडून पार कशी पाडून घ्यायची.

काही गोष्टी मला इथून कळू शकत नाहीत आणि त्यांवर बरेच अवलंबून आहे. नाव ठेवणारे एक-दोघे आहेत की त्यांच्यामागे सगळा वर्ग आहे, हे पाहावे लागेल. वर्गात मुलीची एक तरी पक्की मैत्रीण आहे का, हेही फार मोलाचे आहे, कारण एकटे पडलेले मूल आणि एक सोबती असलेले मूल यांच्या स्थितीत मोठे अंतर असते. आपले कुटुंब तिथे बाहेरून आलेले, वेगळ्या वंशाचे किंवा वेगळी भाषा बोलणारे असेल तर रंगाच्या टोमण्यात ‘तुम्ही इथले नाही’ हेही मिसळलेले असते, आणि मग केवळ दिसण्याविषयी बोलून भागत नाही. सगळे एकाच समाजातले असतील तर अडचण निराळी असते. शाळा सहज म्हणते, ‘सगळी आपलीच मुले आहेत, यात भेदभाव कुठून आला?’

या शेवटच्या वाक्याला उत्तर तयार ठेवा, कारण ते आपल्याला हमखास ऐकवले जाईल. वंशभेद आणि रंगभेद यांचे नाते जवळचे असले तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वंशभेदात एका समूहाला दुसऱ्या समूहापेक्षा हलके मानले जाते. रंगभेद मात्र एकाच समाजात, एकाच वर्गात, एकाच घरातल्या दोन भावंडांतही चालतो. कायद्यांनी रंगाचा वेगळा उल्लेख उगाच केलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९६५ च्या वंशभेदविरोधी करारात वंशाच्या शेजारी रंग हा स्वतंत्र आधार म्हणून नोंदला आहे, आणि १९८९ च्या बालहक्क करारातील दुसऱ्या कलमातही तो आहे. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात आणि ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात रंगाचा स्पष्ट उल्लेख आहे. भारताच्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान हे शब्द आहेत, रंग हा शब्द नाही. तरी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे १७ वे कलम विद्यार्थ्याच्या मानसिक छळाला मनाई करते. आपण कोणत्या देशातून लिहीत आहात ते प्रश्नात नाही, म्हणून आपल्याकडचा नियम पाहून घ्यावा. मात्र पहिल्याच भेटीत कायदा टेबलावर ठेवू नका. तो माहीत असला की बोलताना आवाज स्थिर राहतो, सुरुवातीला तेवढाच त्याचा उपयोग.

आता मुलीविषयी. अशा वेळी आपल्या तोंडून तीन वाक्ये आपोआप येतात: ‘लक्ष देऊ नकोस’, ‘रंगात काय आहे?’ आणि ‘तू तर किती सुंदर आहेस’. तिन्ही प्रेमाची असली तरी पहिल्या संभाषणात मी ती टाळायला सांगते. लक्ष देऊ नको म्हटले की मुलीला कळते की यापुढे हे सांगायचे नाही. रंगात काय आहे असे म्हटले की तिचा रोजचा अनुभव खोटा ठरतो, कारण रंगावरून काय काय होते ते तिने नुकतेच पाहिलेले असते. आणि सुंदर आहेस हे कितीही खरे असले तरी आपणही दिसण्याचीच फूटपट्टी हातात धरतो. तिला जरा जास्त गुण देतो, इतकेच. त्याऐवजी काय घडले ते तिला तिच्या गतीने सांगू द्या, मध्ये सल्ला देऊ नका, आणि शेवटी दोन गोष्टी स्पष्ट बोला: ‘हे चुकीचे आहे आणि यात तुझा दोष नाही’, आणि ‘हे थांबवणे मोठ्यांचे काम आहे, आम्ही ते करणार आहोत, पण प्रत्येक पाऊल उचलण्याआधी तुला सांगू’. दुसरे वाक्य पाळणे फार गरजेचे आहे. आई-वडील अचानक शाळेत जाऊन धडकतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात आपले काय होईल या भीतीने मूल गप्प बसते, असे मी वारंवार पाहते. कोणाला सांगायचे, कोणाचे नाव घ्यायचे, बाईंशी बोलताना तिने खोलीत असावे की नाही, यांवर तिचे मत घ्या. काहीही सांगू नका असे ती म्हणाली तर मात्र तसे वचन देऊ नका.

मुलांशी या विषयावर बोलायला हे वय लहान आहे अशी शंका पालकांना असते. १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने अमेरिकेत तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर रंगाखेरीज सर्व बाबतीत सारख्या बाहुल्या ठेवून चांगली कोणती, वाईट कोणती असे विचारले होते, आणि बहुतेक मुलांनी गोरी बाहुली पसंत केली होती. शाळांमधील वर्णविभाजन बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या कामाचा दाखला घेतला. तेव्हा ११ व्या वर्षी आपण गप्प राहिलो म्हणून मूल या कल्पनांपासून दूर राहते असे नाही. त्या तिच्यापर्यंत केव्हाच पोहोचलेल्या असतात, फक्त त्यांवर आपले म्हणणे तिला ऐकायला मिळालेले नसते. या प्रयोगातून लोक दुसरा निष्कर्षही काढतात, की अशा मुलांचा स्वतःवरचा विश्वास ढासळलेलाच असतो. तो मला घाईचा वाटतो. समाज कोणाला वर मानतो हे मुलाला कळणे वेगळे आणि त्याने स्वतःला कमी लेखणे वेगळे. नंतरच्या अनेक अमेरिकी अभ्यासांत कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांपेक्षा कमी आढळलेला नाही. मुलगी क्रीम मागते आहे म्हणजे ती स्वतःचा तिरस्कार करते, असे लगेच धरून चालू नका. बहुधा तिने त्रास कमी करण्याचा तिच्या हातातला एकमेव उपाय शोधला आहे.

म्हणूनच क्रीमच्या मागणीला रागावून नकार देऊ नये, माहिती द्यावी. या वयाच्या मुलांना शास्त्र आवडते आणि ते त्यांना सन्मानाचे वाटते. त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या सर्व माणसांत साधारण सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात आणि त्याचे कण त्वचेत कसे पसरतात यामुळे. ज्या प्रदेशांत ऊन प्रखर होते तिथे अतिनील किरणांपासून संरक्षण करणारी गडद त्वचा टिकली आणि जिथे ऊन कमी होते तिथे ड जीवनसत्त्व तयार होण्यास सोयीची फिकट त्वचा टिकली. रंग अनेक जनुकांवर अवलंबून असतो, म्हणून एकाच आई-वडिलांची दोन मुले वेगळ्या छटेची होतात. भावाशी होणाऱ्या तुलनेला हे उत्तर तिला पुरते. त्याबरोबर हेही सांगा की गोरे करणाऱ्या काही उत्पादनांत पारा सापडतो, जो मूत्रपिंडांना इजा करतो, आणि काहींत तीव्र स्टेरॉइड असतात, ज्यांनी त्वचा पातळ होते. पारा घातलेली सौंदर्यप्रसाधने जगभर बंद व्हावीत म्हणून मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारातील देशांनी २०२३ मध्ये २०२५ ही मुदत ठरवली, तरी अशी उत्पादने मिळतच राहतात. तिने आधीच कोणाकडून काही घेऊन लावले असेल तर डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. स्टेरॉइडचे क्रीम एकदम थांबवल्यास चेहरा भडकू शकतो, म्हणून ते त्यांच्या सल्ल्यानेच सोडवावे.

शाळेच्या कामाला मी सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगते. भेटीआधी आठवडाभराच्या घटनांची नोंद करा: तारीख, कोणता तास किंवा सुट्टी, कोणती जागा, वापरलेले शब्द जसेच्या तसे, कोण हसले, कोणा मोठ्या माणसाने ऐकले का आणि ऐकून काय केले. ‘मुलीला त्रास देतात’ या वाक्यावर चर्चा संपते. अमुक दिवशी छायाचित्राच्या वेळी तीन शिक्षकांसमोर हे वाक्य बोलले गेले आणि कोणी काही म्हटले नाही, असे लिहिले की चर्चा सुरू होते. वर्गाचा एखादा संदेशगट असेल तर त्यातील मजकूर जपून ठेवा. मग वर्गशिक्षिकांना लेखी निवेदन द्या आणि त्यात थट्टा हा शब्द वापरू नका. एकाच मुलीला, एकाच कारणावरून, अनेकांनी मिळून, पुन्हा पुन्हा लक्ष्य केले जात असेल तर तो छळ आहे, आणि त्याचे कारण रंग आहे हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. कारण वगळले की शाळा त्याला ‘मुलांमधील भांडण’ समजते आणि दोन्ही बाजूंना समज देऊन मोकळी होते.

भेटीत आपण काय मागता यावर पुष्कळ ठरते. ‘त्या मुलांना शिक्षा करा’ ही मागणी समजण्यासारखी असली तरी एकटी पुरेशी नाही. कसलीही सूट न देता कडक शिक्षा करण्याच्या धोरणाने शाळा अधिक सुरक्षित होतात याला आधार नाही, असे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या कार्यगटाने २००८ मध्ये सांगितले होते, आणि माझा अनुभवही तसाच आहे: शिक्षा झालेली मुले पुढच्या वेळी शिक्षकांच्या नजरेआड बोलतात. मुलीला आणि त्या मुलांना समोरासमोर बसवून माफी मागायला लावणे हे तर मी आग्रहाने टाळायला सांगते. त्यात तिला पुन्हा एकदा त्यांच्यासमोर बसावे लागते, मोठ्यांना बरे वाटावे म्हणून ‘ठीक आहे’ म्हणावे लागते, आणि खोलीबाहेर पडल्यावर तीच माफी नव्या चेष्टेचा विषय होते. त्या मुलांशी शाळेने स्वतंत्रपणे, एकेकट्याने बोलावे, त्यांच्या पालकांना कळवावे, आणि जे बोलले गेले ते मान्य नाही हे स्पष्ट सांगून पुढे लक्ष ठेवावे. ही मुले बहुधा घरी ऐकलेलेच बोलत असतात. त्यामुळे त्यांचे वागणे क्षम्य होत नाही, पण ते बदलण्यासारखे आहे एवढे कळते.

खरा जोर बघ्यांवर द्यावा. टोमणा टिकतो तो हसणाऱ्यांमुळे. कॅनडातील शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून केलेल्या २००१ च्या अभ्यासात दादागिरीच्या बहुतेक प्रसंगी इतर मुले हजर होती. मध्ये पडणारी थोडी होती, पण ती मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा प्रकार १० सेकंदांत थांबला. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला आणि २००९ पासून देशभर नेलेला ‘किवा’ हा उपक्रम याच सूत्रावर उभा आहे. तेव्हा शाळेला विचारा की मुलीचे नाव न घेता सगळ्या वर्गाबरोबर हा विषय कोण, केव्हा आणि कसा घेणार आहे. आणि ज्या जागांवर शिक्षक नसतात, म्हणजे रांग, बस, स्वच्छतागृहाबाहेरचा भाग, तिथे कोण लक्ष देणार आहे. एक भाषण ठोकून हे होत नाही. वर्गातल्या दोन-तीन वजनदार मुलांनी हसणे थांबवले तर मात्र वातावरण बदलायला वेळ लागत नाही, आणि ती मुले कोणती हे वर्गशिक्षिकांना नेमके माहीत असते.

नृत्याचा प्रसंग याहून अवघड आहे, कारण तिथे मोठ्या माणसाने निर्णय घेतला. बाईंनी रंगामुळेच तिला मागे नेले असे आपल्याला सिद्ध करता येणार नाही आणि तसा आरोप केल्यास सगळी चर्चा बाईंच्या हेतूवर जाईल. त्याऐवजी निकष विचारा: पुढे कोणी उभे राहायचे हे उंचीवर ठरले, सरावावर ठरले की आणखी कशावर? निकष सांगता येत नसेल तर तो ठरवून सर्वांना आधी कळवावा अशी विनंती करा. नाटकातील भूमिका, पाहुण्यांच्या स्वागताला उभी केलेली मुले, शाळेच्या पत्रकावरील चेहरे यांतही हाच प्रश्न असतो, आणि मुले हे सगळे टिपत असतात. वर्गात कोणी तोंडाने बोलण्याआधीच कार्यक्रमातल्या जागांनी त्यांना सांगितलेले असते की पुढे कोण शोभते.

भेट संपल्यावर त्याच दिवशी काय ठरले ते लिहून पाठवा आणि साधारण दोन आठवड्यांनंतरची आढाव्याची तारीख मागून घ्या. काही झाले नाही तर मुख्याध्यापक, त्यानंतर व्यवस्थापन किंवा शिक्षण खाते, असे एकेक पाऊल वर जा. दरवेळी आधीचे पत्र सोबत जोडा.

हे सगळे होईपर्यंत मुलीला रोज शाळेत जायचेच आहे, म्हणून त्या क्षणी काय करायचे हे तिच्याजवळ असले पाहिजे. मी मुलांना चटकदार उत्तरे शिकवत नाही. ती जमली नाहीत तर अपमान दुप्पट होतो. एक लहान, सरळ वाक्य पुरते: ‘मला माझ्या नावाने हाक मार’, आणि तिथून निघून जाणे. घरी दोन-चार वेळा आपण चिडवणारे मूल व्हायचे आणि तिने हे वाक्य म्हणायचे. लाजाळू मुलीला तेही जमणार नसेल तर सक्ती नको. कोणत्या शिक्षकांकडे जायचे हे ठरलेले असले तरी चालते. जी गोष्ट करताना ती स्वतःला विसरते, मग ते चित्र असो, खेळ असो की वाचन, त्यासाठी वेळ राखून ठेवा, आणि शक्य असेल तर ती शाळेबाहेरच्या मुलांबरोबर होऊ द्या.

घरातील बोलणे बदलल्याशिवाय शाळेतील यश टिकत नाही, हे थोडे कडू वाटले तरी सांगते. ‘काळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे’, ‘उन्हात फिरू नकोस, आणखी काळी होशील’, ‘भावाचा रंग हिला मिळाला असता तर’ ही वाक्ये बोलणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांना ती लहानपणापासून कानावर पडलेली असतात. आजी किंवा सासूबाई असे बोलत असतील तर मुलीसमोर त्यांना तोडू नका, पण एकांतात, शक्यतो ज्यांची ती आई आहे त्यांनी, नीट सांगावे की हेच शब्द शाळेत तिला रडवतात, म्हणून घरात ते नकोत. तरीही कोणी बोललेच तर मुलीच्या देखत शांतपणे ‘आमच्याकडे रंगावरून बोलत नाही’ एवढे म्हणून विषय बदला. त्या वेळी आपण गप्प राहिलो की नाही, हे मूल लक्षात ठेवते. धाकट्या भावालाही या तुलनेतून सोडवा. आपल्या रंगाचे कौतुक ऐकणारा मुलगा दुसऱ्या कोणाच्या वर्गात जाऊन तेच बोलू शकतो. आणि आपण स्वतः आरशासमोर, छायाचित्रे पाहताना काय पुटपुटतो तेही जरा ऐकावे.

झोप उडणे, सकाळी पोट दुखणे, शाळेचे नाव काढताच रडू येणे, त्वचा घासघासून धुणे किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा यांपैकी काही दिसले तर शाळेच्या उत्तराची वाट पाहू नका, बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञांना दाखवा. स्वतःला इजा करण्याचे बोलणे असेल तर त्याच दिवशी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये वंशभेदाचा मुलांच्या आरोग्यावर होणारा परिणाम या विषयावर धोरणच जाहीर केले आहे, तेव्हा डॉक्टरांना हे कारण सांगताना संकोच वाटू देऊ नका.

राहिला शाळा बदलण्याचा प्रश्न. लेखी तक्रार आणि दोन आढावे होऊनही शाळा ‘थट्टा’ याच शब्दावर अडून असेल, शिक्षकच त्यात सामील असतील, किंवा मुलीची तब्येत ढासळत असेल, तर बदला, आणि ‘तू हरलीस म्हणून नव्हे, शाळेने आपले काम केले नाही म्हणून’ असे तिला सांगा. याउलट एखादी मैत्रीण आहे, एक तरी शिक्षक तिच्या बाजूने उभे आहेत आणि शाळा हालचाल करते आहे, तर मी थांबायला सांगेन, कारण रंगावरून बोलणारी मुले दुसऱ्या शाळेतही भेटतील. नवी शाळा पाहायला गेलात तर तिथल्या मुख्याध्यापकांना विचारा की एखाद्या मुलाला रंगावरून किंवा वंशावरून चिडवल्याची शेवटची तक्रार आली तेव्हा आपण काय केले. ‘आमच्याकडे असे कधीच होत नाही’ असे उत्तर मिळाले तर आणखी एक शाळा पाहून या.